माग सुरू झाले की नेट का मंदावते?

प्रश्न : मालेगावात किल्ल्याच्या बाजूला आमचे जुने घर आहे. रुंदी कमी, खोली भरपूर. तळमजल्यावर यंत्रमाग, वरच्या दोन मजल्यांवर आम्ही राहतो. फायबरचा डबा रस्त्याकडच्या खोलीत आहे आणि मुलगी बारावीचा अभ्यास करते ती खोली सगळ्यात वर, मागच्या अंगाला. तिथे वाय-फाय पोचत नाही. म्हणून विजेच्या प्लगमध्ये खोचून नेट पुढे नेणारी जोडी मागवली. शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा व्हिडिओ न अडकता चालतो, बाकीचे सहा दिवस मध्येच थांबतो. हे मोटारींमुळे होते का? घरात जुन्या फोनची तार आहे, केबल टीव्हीची काळी तारही आहे. त्यांचा काही उपयोग होईल का? — एक वाचक, मालेगाव

उत्तर : तुमच्या पत्रातली शुक्रवारची नोंद फार मोलाची आहे. लाखाहून अधिक यंत्रमागांच्या या शहरात आठवड्यातून एकदा कारखाने थांबतात आणि तुमच्या घरात आपोआप एक चाचणी होऊन जाते. जोडी तीच, तार तीच, अंतरही तेच. बदलते ती फक्त तळमजल्यावर चालणारी वीज. म्हणजे उपकरण बिघडलेले नाही आणि तार फार लांब आहे असेही नाही. अडचण गोंगाटाची आहे. हा गोंगाट मोटारी करतात, हा तुमचा तर्क मात्र पुरता बरोबर नाही. त्याकडे येतो, पण त्याआधी ती प्लगची जोडी नेमके काय करते ते पाहू.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तने करणारी. तुमचे उपकरण त्याच तारेवर सेकंदाला वीस लाखांपासून कित्येक कोटी आवर्तनांपर्यंतच्या, म्हणजे २ मेगाहर्ट्झपासून पुढच्या, अतिशय क्षीण लहरी चढवते. दुसऱ्या टोकाचे उपकरण ५० हर्ट्झची वीज गाळून टाकते आणि उरलेल्या लहरींतून माहिती वाचते. कल्पना जुनीच आहे. महापारेषणच्या एखाद्या मोठ्या उपकेंद्राजवळून जाताना उच्चदाब तारेच्या टोकाशी टांगलेले किंवा खांबावर बसवलेले पिंपाएवढे पोकळ वेटोळे दिसले, तर तो ‘वेव्ह ट्रॅप’ असतो. एका उपकेंद्राने दुसऱ्याशी वीजवाहिनीवरूनच बोलण्याची ही व्यवस्था कित्येक दशके चालत आली आहे. तिथे वीज पुढे जाते, निरोपाच्या लहरी मात्र त्या वेटोळ्याशी अडतात आणि बाजूच्या यंत्राकडे वळवल्या जातात. पण त्या वाहिन्या मैलोन्‌मैल सरळ जातात, त्यांना फाटे जवळजवळ नसतात आणि लहरीही काही दहा ते काही शे किलोहर्ट्झच्याच असतात.

घरातली वायरिंग याच्या अगदी उलट. एका बोर्डातून दोन फाटे, त्यातल्या एकाला पुढे पंख्याचा फाटा, मग माळ्यावरच्या दिव्याचा, मग कोणी कधीतरी वाढवलेला गच्चीवरचा. वायरमनच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण ५० हर्ट्झच्या विजेला फाट्यांचे काही वाटत नाही. मेगाहर्ट्झमधल्या लहरीला मात्र वाटते. टोक मोकळे असलेल्या प्रत्येक फाट्यात ती शिरते, टोकावर आपटून परतते आणि मूळ लहरीत मिसळते. पाच मीटर लांबीचा असा फाटा धरू. पीव्हीसीच्या वेष्टनातल्या तारेत लहर सेकंदाला साधारण अठरा कोटी मीटर वेगाने जाते. हिशेब केला तर ९ मेगाहर्ट्झच्या आसपास परतलेली लहर मूळ लहरीच्या नेमकी उलट पडते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. तेच २७ मेगाहर्ट्झला, तेच ४५ ला. म्हणजे त्या एका फाट्यामुळे वापरायच्या पट्ट्यात तीन खड्डे पडले. घरात असे वीस-पंचवीस फाटे असतात. शिवाय त्या टोकाला कोणी चार्जर लावला किंवा दिव्याचे बटन दाबले की खड्डा जागा बदलतो. स्वयंपाकघरातला दिवा लावल्यावर वरच्या खोलीतले नेट बदलले, तर तो भास समजू नका. तसे खरोखर होते.

आता मोटारी. यंत्रमागाला बहुतेक ठिकाणी इंडक्शन मोटर असते. तिच्यात कार्बनचे ब्रश नसतात, त्यामुळे ती एकदा वेगात आली की मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फारसा गोंगाट करत नाही. मिक्सर आणि ड्रिल मशिनमध्ये ब्रश असतात आणि ते सतत बारीक ठिणग्या पाडतात, म्हणून या बाबतीत ती दोन्ही यंत्रे तुमच्या मागांपेक्षा वाईट. मागांच्या बाबतीत संशय घ्यायचा तो आधी स्टार्टरवर. त्याचे कॉन्टॅक्ट झिजलेले, काळवंडलेले असले तर मोटर सुरू करताना आणि बंद करताना ठिणगी उडते, आणि ठिणगी म्हणजे एकाच वेळी सगळ्या पट्ट्यांवर आदळणारा धक्का. दुसरा संशयित म्हणजे ढिले सांधे. मागांच्या हादऱ्याने टर्मिनलचे स्क्रू सैल होत जातात आणि आतल्या आत बारीक स्पार्किंग चालू राहते. तिसऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ते म्हणजे कारखान्यातले दिवे. माग चालू असताना डोक्यावरच्या एलईडी ट्यूबही लागलेल्या असतात. स्वस्त एलईडीच्या पोटातल्या सर्किटला चांगला फिल्टर नसेल तर ते विजेच्या तारेत सतत कचरा सोडत राहते. कामगारांचे मोबाइल चार्जरही तेच करतात.

यातला नेमका दोषी कोण, हे शोधायला यंत्र लागत नाही. एका दिवशी माग चालू ठेवून ट्यूब थोडा वेळ बंद करा (दिवसा, पुरेसा उजेड असताना, चालत्या मागाशी अंधार नको). सुट्टीच्या दिवशी उलटे करा : माग बंद, ट्यूब चालू. दोन्ही वेळा वरच्या खोलीत वेग मोजा. ट्यूबने फरक पडत असेल तर त्या बदलणे सर्वांत स्वस्त. मागांनीच पडत असेल तर वायरमनला बोलवून मेन स्विच बंद करून सगळी टर्मिनल्स घट्ट करून घ्या आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट तपासून घ्या. नेट सुधारले नाही तरीही हे काम कराच. हवेत सुताचा तूस तरंगतो अशा जागी स्पार्किंग होत असेल, तर तिथे इंटरनेटहून मोठा प्रश्न आहे. कारखान्याचा मीटर वेगळा आहे म्हणून त्याचा गोंगाट घरात येणार नाही, असे समजू नये. दोन्ही मीटरांना येणारी सर्व्हिस वायर बहुधा एकाच ठिकाणाहून येते आणि मीटर या लहरींना पुरता अडवू शकत नाही.

एवढा गोंगाट असूनही ही जोडी मुळात चालते कशी, हे मला जास्त कुतूहलाचे वाटते. १९४८ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिले, की कुठल्याही तारेतून बिनचूक माहिती नेण्याला एक कमाल मर्यादा असते आणि ती दोनच गोष्टींवर ठरते : लहरींचा पट्टा किती रुंद आणि संदेश गोंगाटापेक्षा किती बलवान. पुढच्या साठ वर्षांतल्या अभियंत्यांची धडपड त्या मर्यादेच्या जास्तीत जास्त जवळ जाण्याची होती. विजेच्या तारेसाठी त्यांनी एकच मोठी लहर वापरणे सोडले आणि पट्ट्याचे शेकडो अरुंद भाग केले. २००५ च्या ‘होमप्लग एव्ही’ या मानकात अशा ९१७ वाहक लहरी वापरल्या जातात. बीमवरच्या ताण्याचे धागे जसे शेजारी शेजारी समांतर जातात, तशा त्या जातात. फरक इतकाच, की ताण्याचा एक धागा तुटला तर माग थांबवून तो सांधावा लागतो. इथे एखादी वाहक लहर खड्ड्यात गेली तर तिच्यावर काहीच चढवायचे नाही आणि बाकीच्यांनी काम चालू ठेवायचे. दोन्ही उपकरणे सतत एकमेकांना चाचणीचे संकेत पाठवून प्रत्येक वाहकाची अवस्था मोजतात. स्वच्छ वाहकावर एका वेळी दहा बिट, मध्यम असेल तर चार, खराब असेल तर एक किंवा शून्य. गोंगाट दहापट कमी झाला तर प्रत्येक वाहकावर साधारण तीन बिट वाढतात. एक ट्यूब बदलून वेग इतका वाढू शकतो, त्याचे कारण हे.

यातला एक बारकावा फार सुंदर आहे. विजेच्या तारेवरचा गोंगाट सगळा वेळ सारखा नसतो. चार्जर, एलईडी, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ही सगळी उपकरणे विजेच्या लाटेच्या ठरावीक जागी वीज ओढतात. लाट सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते, म्हणून गोंगाटाचे उमाळेही दर दहा मिलिसेकंदांनी त्याच त्याच जागी येतात. उपकरणे हे ओळखतात. दोन पूर्ण लाटांचा, म्हणजे ४० मिलिसेकंदांचा एक फेरा धरून ती त्याचे वेगवेगळे भाग पाडतात आणि प्रत्येक भागासाठी किती बिट चढवायचे याचा तक्ता वेगळा ठेवतात. शांत क्षणी भरपूर, गोंगाटाच्या क्षणी बेताचे. म्हणजे वीज ज्या तालावर चालते त्याच तालावर माहितीही चालते. स्टार्टरची ठिणगी मात्र कुठलाच ताल पाळत नाही. ती आली की त्या क्षणीचे तुकडे खराब होतात आणि ते पुन्हा पाठवावे लागतात. मुलीचा व्हिडिओ मध्येच थांबतो तो या पुन्हा पाठवण्यामुळे.

जोडी वापरत राहणार असाल तर ती एक्स्टेन्शन बोर्डावर किंवा स्पाइक गार्डवर कधीही लावू नका. स्पाइक गार्डमधला फिल्टर मेगाहर्ट्झच्या लहरींना कचरा समजून गिळतो. जोडी थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये हवी. उलट चार्जर, टीव्ही आणि इन्व्हर्टरसारखी गोंगाटी उपकरणे फिल्टर असलेल्या स्पाइक गार्डवर लावली, तर तोच फिल्टर तुमच्या बाजूने काम करतो. घरात थ्री फेज पुरवठा असेल तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत का, ते वायरमनकडून पाहून घ्या. एका फेजवरून दुसऱ्या फेजवर लहर ओझरतीच जाते. नव्या पद्धतीच्या जोड्या फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तारही वापरून दुसरा मार्ग मिळवतात. जुन्या घरात तिसऱ्या छिद्रामागे तारच नसेल तर हा फायदा मिळणार नाही. अर्थिंग खरे आहे की नुसते छिद्र, ही तपासणी तर माणसांच्या सुरक्षिततेसाठीही करून घ्यायला हवी.

फोनच्या तारेबद्दल थोडक्यात सांगतो. ती दोन तारांची असते आणि गोंगाट टाळण्याची तिची क्षमता एकाच गोष्टीवर ठरते : त्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या आहेत की नुसत्या समांतर. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पिळाच्या तारेचे पेटंट घेतले. पिळामुळे बाहेरून येणारा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होतो. आपल्याकडे घराघरांत भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली चपटी तार बहुधा बिनपिळाची असते. लँडलाइन बंद झाली असेल आणि तार सोयीच्या खोलीपर्यंत जात असेल तर ती वापरता येते. फाटे कमी असल्यामुळे विजेच्या तारेपेक्षा ती बरी चालेल. मात्र लाइन जिवंत असेल तर तिच्यात ४८ व्होल्ट असतात आणि घंटा वाजताना त्याहून बरेच जास्त, तेव्हा आधी ती बाहेरच्या डबीपासून सोडवलेली असायला हवी.

माझी सगळी भिस्त आहे ती तुमच्या काळ्या केबलवर. मालेगावला सिनेमाचे वेड किती, हे ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने जगाला दाखवले. अशा गावात केबल टीव्हीची तार ज्या खोलीत पोचली नाही अशी खोली विरळाच. आज तिच्यातली पुष्कळशी तार सेट टॉप बॉक्स निघून गेल्यावर भिंतीवर नुसती लोंबकळते आहे. कोणी ती कापून टाकतात, आणि ते पाहून वाईट वाटते, कारण घरात येणाऱ्या तारांमध्ये उच्च वारंवारतेसाठी खास घडवलेली तार हीच. मधोमध तांब्याचा गाभा, भोवती फेसासारखे वेष्टन, त्यावर धातूची जाळी किंवा पत्री. लहर गाभा आणि जाळी यांच्या मधल्या जागेतच राहते. बाहेरच्या स्टार्टरची ठिणगी आत शिरत नाही आणि आतली लहर बाहेर गळत नाही. संगणक जोडायच्या इथरनेटचा जन्मही अशाच तारेवर झाला. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी पहिले इथरनेट बांधले ते को-अॅक्सियल केबलवर. आज लॅन म्हणून ओळखली जाणारी आठ तारांची केबल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

या तारेवर दोन टोकांना एकेक अडॅप्टर लावला की ती लॅनचे काम करते. त्यासाठीचे एक मानक म्हणजे ‘मोका’. त्याच्या २.५ आवृत्तीत २.५ जीबीपीएसपर्यंतचा वेग धरला आहे आणि ते साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, म्हणजे केबल टीव्हीच्या वाहिन्यांच्या वर. अडॅप्टर स्थानिक दुकानांत सहसा मिळत नाहीत, मागवावे लागतात. घेण्यापूर्वी तारेचा मार्ग टोकापासून टोकापर्यंत स्वतः डोळ्यांनी पाहा. मध्ये स्प्लिटर असेल तर त्यावर छापलेले आकडे वाचा. ‘५ ते १००० मेगाहर्ट्झ’ असे असेल तर तो मोकाच्या लहरी नीट जाऊ देणार नाही. तुम्हाला दोनच खोल्या जोडायच्या आहेत, तेव्हा स्प्लिटर काढून टाका आणि दोन तारा सरळ एकमेकींना जोडा. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये निम्म्याहून जास्त शक्ती जाते. ती सगळी वाचेल. टोकाचे जॅक नुसते पिळून बसवलेले असतील तर क्रिम्पिंगचे किंवा कॉम्प्रेशनचे नवे लावून घ्या. जाळीचा एक केस जरी गाभ्याला टेकला तरी सगळे ठप्प होते.

एक पथ्य मात्र पाळावेच लागेल. ती तार गच्चीवरच्या डिशकडे जात असेल आणि डिश चालू असेल, तर मोका लावू नका. डिशकडून खाली येणारे संकेत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतात, म्हणजे पट्टा तोच. शिवाय त्याच तारेतून डिशच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज जात असते आणि ती चुकीच्या उपकरणात शिरू शकते. तुमची तार केबलवाल्याची आणि बंद पडलेली असेल तर हा प्रश्नच नाही. बाहेरून येणारे टोक तेवढे सोडवा, नाहीतर तुमच्या लहरी शेजारच्या घरांकडेही निघतील.

आता समजा काळी तार मधल्या मजल्यापर्यंतच जाते, आणि तिथून वर फक्त वीज. अशा मिश्र घरांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००९ ते २०१० या काळात ‘जी.एचएन’ हे मानक संमत केले. वीज, फोन आणि को-अॅक्सियल या तिन्ही तारांसाठी तेच मानक आणि बहुधा तीच चिप. बदलतात ती फक्त मापे. विजेच्या तारेवर फाट्यांमुळे प्रतिध्वनी लांबतात, म्हणून तिथे वाहक लहरी दाट, एकमेकींपासून सुमारे २४.४ किलोहर्ट्झवर, आणि प्रत्येक संकेत जास्त वेळ टिकणारा. फोनच्या तारेवर हे अंतर दुप्पट. को-अॅक्सियलवर प्रतिध्वनी जवळजवळ नसतात, म्हणून आठपट, १९५ किलोहर्ट्झच्या आसपास. स्वच्छ वाहकावर एका वेळी १२ बिटपर्यंत चढवता येतात. याआधी होमप्लगवाले, मोकावाले आणि फोनच्या तारेवरचे ‘होमपीएनए’वाले तीन वेगळे तंबू ठोकून बसले होते आणि एकाचे उपकरण दुसऱ्याला ओळखत नव्हते. जी.एचएनची उपकरणे घेताना खोक्यावर कोणती तार लिहिली आहे ते मात्र पाहून घ्या. चिप एक असली तरी विजेच्या प्लगला काळ्या केबलचे छिद्र असेलच असे नाही. आणि ही सगळी जुळवाजुळव जी.एचएनशिवायही होते : मोकाच्या अडॅप्टरमधून निघालेली लॅनची छोटी तार मधल्या मजल्यावरच्या विजेच्या जोडीला लावली, की झाले.

तुमच्या घरापुरता माझा क्रम सांगतो. जिन्याच्या कोपऱ्यातून किंवा पावसाच्या पाइपाच्या आडोशाने नवी कॅट-६ केबल वर नेता येत असेल तर बाकी काहीही घेऊ नका. ती शंभर मीटरपर्यंत १००० एमबीपीएस नेते आणि मागांकडे ढुंकूनही पाहत नाही. विजेच्या तारेपासून तिला थोडी दूर ठेवा, दोन्ही एकाच पट्टीत कोंबू नका. ते जमत नसेल तर काळी केबल. तीही पोचत नसेल तर विजेची जोडी, पण आधी वर सांगितलेली दुरुस्ती करून.

फायबरच काही मीटर आत वाढवून घेण्याचाही पर्याय आहे. काचेतून प्रकाश जातो, त्याला विजेचा गोंगाट कळतही नाही. फक्त मालेगावच्या घरात एक काळजी जास्त घ्यावी लागते. घरगुती फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो त्याचा व्यास सुमारे ९ मायक्रॉन असतो. कापसाचा एक तंतू त्याहून रुंद असतो, बारा ते वीस मायक्रॉन. म्हणजे हवेतल्या तुसाचा एक कण हिरव्या कनेक्टरच्या टोकावर बसला तर तो अख्खा गाभा झाकू शकतो. डबा कारखान्याच्या मजल्यावर नसावा, आणि कनेक्टर काढला तर त्याचे टोपण त्याच क्षणी बसवावे. फुंकर मारून किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. सदरा सुतीच असतो.

प्रश्न : अशाच एका जोडीवर ‘१२००’ लिहिले आहे. प्रत्यक्षात ९० मिळतात. दुकानदाराने फसवले का? — सटाणा

उत्तर : फसवले असे म्हणणार नाही, पण तो आकडा ग्राहकासाठी छापलेला नाही. जोडीतली दोन्ही उपकरणे शेजारी शेजारी, तार स्वच्छ, प्रत्येक वाहकावर कमाल बिट, अशा अवस्थेतल्या कच्च्या बिटांची ती बेरीज आहे. त्यात चूक सुधारण्याचे बिट, मथळे, पोचपावत्या सगळे आले. शिवाय एकाच तारेवर येणे आणि जाणे आळीपाळीने चालते. चांगल्या वायरिंगवर त्याचा चौथा-पाचवा हिस्सा हाती आला तरी समाधान मानावे. तुमच्या बाबतीत मात्र ९० हा आकडा संशयास्पद आहे. मोजमाप जवळजवळ नेहमी ९० ते ९४ च्या दरम्यान अडकत असेल, तर मर्यादा विजेच्या तारेची नाही, लॅनच्या तारेची आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्षात ९४ च मिळतात. १०० ला आठपैकी चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. एक तार जरी क्रिम्पिंगमध्ये नीट बसली नसेल तर दोन्ही टोके मुकाट्याने १०० वर उतरतात. आधी जोडीसोबत आलेली छोटी लॅन केबल बदलून पाहा. दोन्ही उपकरणांचे लॅनचे छिद्र १००० चे आहे ना, तेही खोक्यावर वाचा. काही स्वस्त जोड्यांत ते १०० चेच असते.

केबल विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम आहे. उच्च वारंवारतेची लहर तारेच्या पृष्ठभागावरूनच जात असल्यामुळे अशी केबल दुकानात चाचणीला उतरते, पण अॅल्युमिनियम ठिसूळ असते आणि वाकवल्या जागी महिन्या-दोन महिन्यांत आतून तुटते.

प्रश्न : आमच्या गल्लीत घरे भिंतीला भिंत लावून आहेत. विजेच्या तारेवरचे नेट शेजाऱ्याला मिळेल का? — मालेगाव कॅम्प

उत्तर : लहरी मीटरपाशी थांबत नाहीत. एकाच फेजवरच्या लागून असलेल्या घरात त्या क्षीण होऊन का होईना, पोचू शकतात. म्हणून या जोड्यांमध्ये १२८ बिटांचे कूटलेखन असते. अडचण अशी, की काही जोड्या कारखान्यातून एकाच ठरावीक नावाने आणि किल्लीने बाहेर पडतात. शेजाऱ्यानेही त्याच प्रकारची घेतली आणि दोघांनीही काही बदलले नाही, तर दोन घरांची जाळी एक होऊ शकतात. जोडीवर ‘पेअर’ किंवा ‘सिक्युरिटी’ नावाचे बटन असते. एका उपकरणाचे बटन दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचे दाबा. नवी किल्ली तयार होते आणि ती त्या दोघांनाच माहीत असते. बटन दाबून ठेवायचे की नुसते दाबायचे, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, तेवढे माहितीपत्रकात पाहा.

प्रश्न : भावाचे घर समोरच्या बाजूला आहे. गच्चीवरून लॅन केबल टाकून दोन घरांत एकच नेट चालवता येईल का? — मालेगाव

उत्तर : आधी नेट पुरवणाऱ्याची परवानगी विचारा, कारण बहुतेक करारांत एका जोडणीने दुसरे घर चालवायला मनाई असते. परवानगी मिळाली तरी तांब्याची तार गच्चीवरून नेऊ नका. दोन घरांचे अर्थिंग वेगळे असते आणि जवळपास वीज पडली तर दोन्हींच्या जमिनीच्या दाबात क्षणभर प्रचंड फरक पडतो. तो फरक भरून निघायला तुमच्या केबलचीच वाट सापडते आणि दोन्हीकडचे राउटर, कधी टीव्हीसुद्धा, एका क्षणात जळतात. माणसालाही त्यात धोका असतो. उन्हाळ्यात चाळिशीपार जाणाऱ्या उन्हात घरातल्या वापराच्या केबलचे पीव्हीसी तडकते, आणि पावसाळ्यात त्या भेगांतून पाणी शिरते, ते वेगळेच. दोन घरांमध्ये फक्त फायबर टाका, तोही आधाराला धातूची तार नसलेला, आणि दोन्ही टोकांना प्रकाशाचे लॅनमध्ये रूपांतर करणारे मीडिया कन्व्हर्टर लावा. जोडणी करताना कनेक्टरच्या टोकात डोकावून पाहू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण तो असतो.